बॉयलरमागचा कट्टा

नाही, हे मी तुम्हाला सांगायचंच नव्हतं, मॅडम. आईने बजावलं होतं — कार्यालयातून बाई पाहणीला येतील, त्यांना स्टूल दे, पाणी दे आणि तोंड मिटून ताईची वाट बघ, काय सांगायचं ते ताई सांगेल. ताई कोपऱ्यावर झेरॉक्स काढायला गेलीय, येईलच. तोवर मी फक्त जागा दाखवायची. आणि बघा, स्टूल द्यायच्या आधीच बोलून बसले की तो कट्टा नव्हे, हा. तुम्ही खिडकीखालच्या कट्ट्याचा फोटो घेत होतात, मग राहवलं नाही. तो साबणाच्या डब्यांचा आहे, तिथं कुणी टेकलं तर आई उठवते. बसायचा कट्टा इकडे, बॉयलरच्या मागे. या ना, जरा वाकून या, पाइप डोक्याला — लागला? पहिल्यांदा सगळ्यांनाच लागतो. ताईला तर अजूनही लागतो.

इथं बोललेलं बाहेर ऐकू जात नाही, बॉयलरच्या आवाजात. आईसुद्धा नाही ऐकू शकत, ती बघा तिकडे शेवटच्या हौदाशी, कोपरापर्यंत फेसात. पाहुण्यांच्या खोल्या चालवतात ना, त्यांच्या चादरी आल्यात आज. तुम्ही बसा. गरम आहे, पण भाजत नाही, सवय होते. हिवाळ्यात तर या एवढ्याशा जागेसाठी मांजर आणि मी भांडायचो. मांजर जिंकायचं.

मी एवढं बोलत नाही कधी. शाळेतही नाही. इथल्या बायका मला मुकी म्हणतात — प्रेमाने म्हणतात, पण म्हणतात. आणि ताईला वकीलबाई. ती दोन वर्षांपूर्वी आली नि सहा महिन्यांत वकीलबाई झाली. मी जन्मापासून इथं, मला काय मिळालं, तर मुकी.

असो. तुमच्या त्या जाहीर सूचनेची गोष्ट तुम्हाला कुणी नीट सांगितली का? कागदावर असेल, पण कागदावर तिची गंमत येत नाही. पहिली सूचना लावायला तुमचा माणूस सकाळी लवकर आला, बॉयलर पेटायच्या आधी. आत शिरला, समोरची भिंत रिकामी दिसली, खळ फासली, कागद चिकटवला, गेला. त्याला ठळक जागी लाव म्हणून सांगितलं असणार, आणि जागा ठळकच होती, त्याची काही चूक नाही. पण धुलाईघराच्या भिंतीवर कागद टिकत नाही, मॅडम. वाफ झाली की खळ सुटते. दुपारच्या आत ती सूचना घसरत घसरत पन्हळीत गेली असणार आणि तिथून नाल्यात. या जागेवर बहुमजली वाहनतळ प्रस्तावित आहे, नागरिकांनी हरकती व सूचना मुदतीत कळवाव्यात — हे सगळं आमच्या साबणाच्या पाण्याबरोबर वाहून गेलं आणि आम्ही वर कपडे धूत बसलो. आमच्याकडे काही कळवायचं असलं तर दोरीला चिमट्याने लावतात. ही बघा, ही मधली दोरी त्यासाठीच, हिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. कुणाचा मोजा हरवलाय, कुणाची खोली भाड्याने द्यायचीय, नर्सबाई आजारी आहेत तर त्यांचे कपडे कोण धुणार — सगळं दोरीवर. दोरीवर नाही ते आमच्या लेखी घडलेलंच नाही.

मग एक दिवस मोजणीवाले टेप घेऊन आले. शिंपीकाकांनी विचारलं, काय मोजताय? ते म्हणाले, गाड्या किती मावतील ते. असं कळलं आम्हाला. तोवर हरकतीची मुदत संपलेली. तेव्हा ताईने अर्ज लिहिला की सूचना लोकांपर्यंत पोचलीच नाही. तुमच्या लोकांनी मानलं, ते बरं केलं. दुसऱ्यांदा तोच माणूस आला. आईने त्याच्यासमोर चिमट्यांची टोपली धरली. तो म्हणाला, बाई, नियमात चिकटवणे असं लिहिलंय, टांगणे असं नाही. आई म्हणाली, मग नियमाला म्हणावं बॉयलर बंद कर. शेवटी त्याने एक भिंतीवर चिकटवली, एक दोरीला टांगली आणि दोन्हींचे फोटो काढायला लागला. फोटो काढता काढताच भिंतीवरची त्याच्या बुटावर पडली. चष्मेवाली आजी इतकी हसली की तिला हौदाच्या कडेला धरून बसवावं लागलं.

हसलात. ताई हे तुम्हाला सांगणार नाही. ती सांगेल तेव्हा सगळं ओळीने सांगेल, मुद्दा एक, मुद्दा दोन. छान बोलते ती. सगळे म्हणतात.

सुनावणीला तुम्ही होतात ना? समितीच्या टेबलामागे, डाव्या बाजूला, हिरव्या फाइलींच्या ढिगाआड. मी ओळखलं तुम्हाला दारात. तुम्ही पेनचं टोपण दातात धरता. नाही, ठेवा, ठेवा, मी सहज म्हटलं. तर तुम्ही ऐकलंयच ताईचं भाषण. तुमच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, तो पुसायचा होता म्हणून पुसला की कसं ते मला माहीत नाही, पण बाहेर आल्यावर आमच्या गल्लीने त्याचं इतकं केलं — अध्यक्ष रडले, अध्यक्ष रडले. बेकरीवाल्याने ताईला फुकट पाव दिला. मलाही दिला, पण तिच्याबरोबर होते म्हणून.

त्यात गरम पाण्याचं वाक्य होतं, आठवतं? की मी आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं ते कुणाच्या तरी शर्टाच्या कॉलरमागच्या चिंधीवर, आणि ते होतं — गरम पाण्यात धुवू नये. आणि तेही अशा ठिकाणी, जिथं गरम पाण्याशिवाय काही नाही. तिथं सगळे हसले. तुम्हीसुद्धा. ते — कसं सांगू — ते वाक्य बाहेरून आलेलं नाही. ते इथं बसून वाचलेलं आहे. असाच शर्टांचा ढीग, असाच दिवा, आणि आईला ओरडून विचारलं होतं की मग तू गरम पाण्यात का धुतेस, आणि आई म्हणाली होती, गप, मालकाला वाचता येत नाही असं समज.

पुढचंही सांगू? घराघराच्या कपड्यांवर रंगीत दोऱ्याने खुणा टाचतात, कपडे बदलू नयेत म्हणून. नर्सबाईंची निळी फुली. शिंप्याची लाल गाठ, दोन टाके, स्वतः शिंपी असून जगात सगळ्यात वेडावाकडा टाका त्याचा. आजीच्या खुणेचा रंग आजी दर महिन्याला बदलते आणि मग आपल्याच चादरी ओळखत नाही. हे सगळं भाषणात आलं. खुणांवरून माणसं ओळखायला शिकले, मग अक्षरांवरून शब्द. हो, भाषणात मी शिकले असं होतं. मी म्हणजे ताई. म्हणजे बोलताना ताई. कागद — जाऊ दे.

कुठला कागद? नाही, काही नाही.

तुम्ही विचारताय म्हणून सांगते हं. नावं पुकारत होते ना त्या दिवशी — धुलाईघर सांभाळणाऱ्या बाईंची मुलगी, असं पुकारलं. ते माझं होतं. मी नोंदवलं होतं, शाळेतून परत येताना, कुणाला न सांगता. मी वह्याच्या वह्या खोडून ते लिहिलं होतं, मॅडम, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, पाच मिनिटं देतात तर साडेचारमध्ये बसवलं होतं. पुकारलं, आणि मी उठतच होते. मला एक श्वास हवा होता. एकच. आणि ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, असा, हलकेच खाली दाबला, हातातला कागद घेतला आणि गेली माईककडे. मुलगी म्हणून पुकारलं होतं, तीही मुलगीच आहे, कोण काय म्हणणार? सगळ्यांना वाटलं तिने मला वाचवलं. आई अजून म्हणते, बरं झालं हो ताई होती, नाहीतर आमची मुकी तिथं पुतळा होऊन उभी राहिली असती. असेल. झालाही असता पुतळा. पण माझा झाला असता ना.

आणि कागदाकडे तिने एकदाच बघितलं. एकदा बघून सगळं आपल्या तोंडाने बोलली. मी जिथं स्वल्पविराम दिला होता तिथं ती थांबली आणि लोकांनी श्वास रोखला. माझ्या स्वल्पविरामावर. शाळेत बाई माझा निबंध वाचतात तेव्हा कुणी मान वर करत नाही. तेच शब्द असतात. मग काय असतं तिच्याजवळ? मी रात्री तिच्याकडे बघते झोपताना — एकाच पलंगावर झोपतो आम्ही, वर, याच छताच्या वर, आई नि आम्ही दोघी. ती झोपेतही सरळ झोपते. मला राग येतो. झोपलेल्या माणसाचा राग येतो मला, सांगा आता.

काय? भट्टी?

कुठली भट्टी? दाखवा तो कागद. अच्छा, टिपण घेतलंय तुम्ही — "भट्टीचं दार आई मुद्दाम उघडं ठेवायची आणि त्या तांबड्या उजेडात मी पहिली अक्षरं गिरवली." हो, हे वाक्य. हेच ते अध्यक्षांच्या चष्म्याचं वाक्य. आणि समितीने तुम्हाला हेच बघायला पाठवलंय? म्हणजे सांगितलेलं खरं आहे की नाही ते — आणि खरं असलं तर धुलाईघर नकाशात राहणार?

मॅडम, भट्टी नाहीये. तुम्हीच बघा ना, हा बॉयलर, गॅसवर चालतो, चारी बाजूंनी बंद. कुठून येणार तांबडा उजेड? हा वरचा ट्यूबलाइट आहे, आधी याच जागी बल्ब होता. मी अक्षरं गिरवली ती बल्बखाली. हे वाक्य माझ्या कागदावर नव्हतंच. ते तिने मनाने घातलं. उभ्या उभ्या. आणि खरं सांगू, सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे, म्हणून मला ते सहन होत नाही. माझं सगळं खरं होतं, आणि लोक गलबलले ते तिच्या रचलेल्या वाक्यावर.

ती कधी बसलीच नाही इथं. लिहा हवं तर. पाइप अजून डोक्याला लागतो तिला, यावरूनच समजा. ती मावशीकडे वाढली, दुसऱ्या शहरात. मावशीला मूल नाही, घर मोठं. ताईला वेगळी खोली होती, वेगळं कपाट होतं, नाचाचा क्लास होता. सुट्टीत यायची तेव्हा बूट असे असायचे की बायका हातातलं काम सोडून बघायच्या. आई तिच्यासाठी नवीन चादर काढायची, पाहुणीसारखी. मी इथं शर्टांच्या ढिगात. मी कधी काही म्हटलं नाही, म्हटलं, ठीक आहे, तिच्याकडे ते सगळं आहे, माझ्याकडे हा कट्टा आहे. वीतभर कट्टा, पण माझा. आणि मग कॉलेजसाठी आली काय, आणि हॉलभर लोकांसमोर तो कट्टाही —

तुम्ही काय लिहिताय?

मला उलटं वाचता येतं, मॅडम. हौदाच्या पलीकडून कपड्यांवरची अक्षरं वाचून वाचून येतं. "हरकतदाराचे कथन… प्रत्यक्ष पाहणीत… तथ्य आढळले नाही." सगळं कथन? फक्त ते भट्टीचं नाही, सगळंच? पण गरम पाण्याचं खरं आहे. खुणांचं खरं आहे, नर्सबाईंच्या निळ्या फुल्या आत्ता दाखवते तुम्हाला, त्या बादलीत आहेत. ते बोलणारी इथं नव्हती, एवढंच मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. पण मी ते — मी तुमच्याशी बोलत होते नुसती, तुम्ही बसला होतात म्हणून.

ते वगळलं तर मग काय उरतं? बाकीच्या हरकती? बाकीच्यांनी पाण्याच्या दाबाबद्दल सांगितलं, मॅडम. शिंपीकाका आपल्या दुकानाच्या फळीबद्दल बोलत बसले. आजी तर माईकमध्ये फुंकत बसली, चालू आहे का ते बघायला. धुलाईघर का हवं, ते एकटी ताईच बोलली होती. ते गेलं तर इथं गाड्या उभ्या राहतील. आणि आम्ही वर राहतो. आई याच कामावर आहे, दुसरं काम तिला येत नाही आणि तिचे हात बघितलेत ना तुम्ही. नाही, मला कळतंय, तुम्ही तरी काय करणार, जे बघाल ते लिहिणार. मग असं करा ना, माझं म्हणून लिहा. नाव माझंच पुकारलं होतं. नाही चालत? जे बोललं गेलं तेच तपासायचं. कोण बोललं त्याचंच तपासायचं. बरं.

थांबा, उठू नका, तुमच्या बाहीला काळं लागलंय. हाताने झटकू नका, पसरेल. द्या इकडे, मला येतं हे. हे बघा — हे वंगण नाहीये. वंगण असतं तर बोटाला चिकटलं असतं. ही काजळी आहे, कोरडी. पण इथं काजळी कुठून आली? गॅसला काजळी नसते. कुठं टेकला होतात तुम्ही? इथं, कट्ट्याच्या वर, कमानीच्या आतल्या बाजूला. आई दरवर्षी चुना मारते, पण हात आत कुठवर पोचणार. बॅटरी लावता का मोबाइलची? आत सगळं काळं आहे. हे केवढं खोल काळं आहे, आणि वर धुराड्यासारखं गेलंय, विटा जळाल्यात. आणि ही — ही माझी खुंटी, मी हिला दप्तर अडकवते. चुन्याखाली लोखंड आहे. खाली अजून एक आहे तशीच. या खुंट्या नाहीत, मॅडम. या बिजागऱ्या आहेत. दार होतं इथं.

म्हणजे हा कट्टा — कट्टा नाहीच हा मुळात. भट्टीचा ओटा आहे. लाकडं आत सारायला बसायचं असतं ना समोर, तो.

आणि बॉयलर कधी आला? थांबा, कोरलंय त्याच्या पत्र्यावर, मला न बघता माहीत आहे, ते माझंच वर्ष आहे. लहानपणी मी त्याला माझा जुळा भाऊ म्हणायचे. मी जन्मले त्या वर्षी आला तो. त्या आधी भट्टी असणार, आणि हा पाइपही नसणार. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, कशाला विचारेन, मी आले तेव्हा हे असंच होतं. आणि ताई तेव्हा सहा वर्षांची. सहाव्या वर्षी अक्षरंच गिरवतात. ती इथं बसली असणार, आई भट्टीचं दार उघडं ठेवत असणार, आणि त्याच वर्षी मी झाले नि वर तर एकच पलंग, मग तिला मावशीकडे — मी नेहमी म्हणते, तिला निवडलं, मला ठेवलं. कधी असं डोक्यातच नाही आलं की —

सुट्टीत यायची तेव्हा ती इकडे बघायची. मला वाटायचं माझ्या फाटक्या दप्तराकडे बघते.

मॅडम, ती ओळ खोडा. तथ्य आढळले नाही, ती. फाइल बांधू नका अजून. तुम्हीच बघितलंत आत्ता, बिजागऱ्या आहेत, काजळी तुमच्याच बाहीला आहे, ती मी धुणार नाही, तशीच दाखवा समितीला. फोटो घ्या. घेतला? मग लिहा ना खाली, जागा आहे अजून अर्धं पान. बाहेर तुमची गाडी थांबेल दोन मिनिटं, गाडीला काय होतंय. मी सांगते तसं लिहा, मी नीट सांगते, मुद्दा एक —

हो, आई. ऐकू आलं. आले.

चादर पिळायचीय, दोघी लागतात, एकटीला नाही जमत तिला. तुम्ही जाऊ नका. मॅडम, मी मघाशी जे म्हटलं ना, ताई इथं बसलीच नाही, ते मी रागाने — रागानेही नाही, ते मला — आले म्हटलं ना, आई, धरते, सोडू नकोस तोवर — ते माझं म्हणणं तुम्ही तिथं लिहिलंय ना, त्याच्या समोर एवढंच लिहा, की सांगणाऱ्या मुलीला त्या वेळी हे माहीतच